माझ्या बाजूचा क्लच

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज गाडीने पहिल्यांदा तोंड वाकडं केलं.

सकाळची पहिली शिकवणी व्हॅनबाईंची होती. या बाई बरीच वर्षं एका शाळेच्या व्हॅनमध्ये मुलांना चढवण्या-उतरवण्याचं काम करतात. व्हॅनचा म्हातारा ड्रायव्हर महिनाअखेर घरी बसतोय. शाळेने बाईंना स्पष्ट सांगितलंय, लायसन्स काढलंत तर व्हॅन तुम्ही चालवा, नाहीतर नवा ड्रायव्हर येईल आणि तो मदतीला स्वतःचा माणूस आणेल. म्हणजे लायसन्स नाही तर हातची नोकरीही गेली. परीक्षा एकवीस तारखेला आहे. पास करून देतो असं मी छातीठोकपणे सांगून बसलोय.

सिग्नल हिरवा झाला, बाईंनी क्लच दाबला, पहिला गियर टाकायला गेल्या आणि खर्रर्र. पुन्हा खर्रर्र. मागच्याने हॉर्नवर ठेवलेला हात काही उचलला नाही. शेवटी मी त्यांच्या हातावर हात ठेवून दांडा रेटला, तेव्हा कुठे पडला. क्लच पूर्ण दाबत जा, असं मी ओरडलो. त्या म्हणाल्या, रोज दाबते तेवढाच दाबलाय.

शिकवणीच्या गाडीत मास्तरच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. दोन्हीकडचे क्लच एका दांडीने जोडलेले, कुणीही दाबला तरी दोन्ही खाली जातात. मी माझा वापरत नाही म्हणा. विद्यार्थ्याच्या डोक्यावर बसणारा मास्तर मी नव्हे. पाय आपला नुसता ठेवलेला असतो.

दुपारी कॉलेजातल्या लंबूच्या वेळीही तीच रड. संध्याकाळी घरी येताना मी स्वतः चालवत होतो, तरी दोनदा खरखरली. म्हणजे दोष गाडीचाच. माझ्याकडे हीच एक गाडी आहे, ती बसली की मीही बसलो. उद्या दहाबारा.

५ फेब्रुवारी, बुधवार

दहाबारा म्हणजे आमचा मेकॅनिक. गाडीला काहीही होवो, हा आधी दहा-बाराचा पाना उचलतो. नाव मी ठेवलं, आता त्याची बायकोही तेच वापरते.

त्याने आधी इंजिन बंद ठेवून सगळे गियर टाकून पाहिले. लोण्यासारखे पडले. मग चालू करून एक फेरी मारून आला. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, मास्तर, काही नाही हिला. मी शेजारी बसून दुसरी फेरी मारायला लावली. एकदाही खरखर नाही. मी म्हणालो, दवाखान्याच्या पायरीवर दुखणं थांबतं तसली तऱ्हा आहे हिची. तो हसला आणि माझ्या समाधानासाठी क्लचचं पेडल थोडं वर घेऊन दिलं.

गॅरेजच्या फाटकातून मी बाहेर काढायला गेलो आणि तिथेच खर्रर्र. मागे वळून पाहिलं तर तो दुसऱ्या गाडीच्या पोटात शिरला होता. ऐकून न ऐकल्यासारखं केलं असणार.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा गॅरेज. क्लचच्या तेलात हवा असेल म्हणून त्याने ती काढली. त्याच्या हातात गाडी शहाणी, माझ्या हातात खुळी. परतताना मागचा गियर पडेपर्यंत मी गल्लीच्या तोंडावर आडवा उभा होतो आणि अख्खी गल्ली माझ्या नावाने ठणाणा करत होती. वीस-बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवणारा माणूस. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१० फेब्रुवारी, सोमवार

बायकोशी सकाळीच वाजलं. मी शर्टाची बटणं लावत होतो आणि ती दारात उभी राहून बघत होती. काय बघतेस विचारलं तर म्हणाली, "अहो, केव्हापासून लावताय." हल्ली शर्ट शिवणारे काजं इतकी लहान करतात की माणसाने बोटांना चिमटे बांधावेत. सरळ गळ्यातून घालायचा बनियनसारखा शर्ट चढवला आणि निघालो. मागून ओरडली, चप्पल. पाहिलं तर एकच पायात होती. दुसरी खोलीच्या मध्यावर पडलेली. या चपलांचे पट्टे सैल झालेत, नव्या आणायला हव्यात.

नवं पेनही आणायला हवं. हे अक्षर माझं मलाच लागेना.

तोंड धुताना साबण डोळ्यांत गेला म्हणून डोळे मिटले, तर भेलकांडून खांदा भिंतीवर आपटला. झोप पुरत नाही. डोळा लागला की गियरबॉक्स दिसतो.

व्हॅनबाईंना आज एकही फेरी धड करता आली नाही. जाताना त्यांनी विचारलं, परीक्षेला हीच गाडी ना? मी म्हणालो, हीच, आणि ती लोण्यासारखी चालेल. माझ्याच आवाजावर माझा विश्वास बसला नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आजचं आजच लिहून टाकतो.

उताराचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे बाईंना थांबायचं होतं. त्या थोड्या पुढे गेल्या. मी उजव्या पायाने ब्रेक मारला, डाव्याने क्लच. निदान मी तरी दाबला. गाडीने गचका दिला आणि बरोबर रस्त्याच्या मधोमध बंद पडली. उजवीकडून मालट्रक येत होता.

मी म्हणालो, चालू करा. किल्ली फिरवताच गाडी बेडकासारखी पुढे उडाली आणि बंद. गाडी गियरमध्येच होती आणि क्लच सुटत नव्हता. न्यूट्रल करा, मी ओरडलो. दांडा निघेना. पुन्हा किल्ली, पुन्हा उडी. मी माझ्या बाजूचा क्लच जीव खाऊन दाबत होतो, देवाशपथ दाबत होतो. ट्रक बाईंच्या दारापासून हातभर अंतरावर थांबला. वर बसलेला ड्रायव्हर काय काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात चूक काही नव्हती.

लोकांनी ढकलून गाडी कडेला लावली. बाई मान खाली घालून माझ्या पायांकडे बघत बसल्या होत्या. बिचाऱ्या रडत असाव्यात. "मास्तर, तुमचा..." असं काहीतरी बोलू लागल्या. मी त्यांचं बोलणं तोडलं. म्हणालो, तुमची चूक नाही, त्या दहाबाराला आज मी सोडत नाही.

पाणी आणायला रस्त्यापलीकडच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, काका, चप्पल कुठे गेली? डावी गाडीतच राहिली होती आणि तापलेल्या डांबरावरून मी तसाच आलो होतो. घाबरल्यावर माणसाला कशाचं भान राहत नाही.

बायकोला यातलं काही सांगितलेलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दहाबाराला नको नको ते बोललो. गिऱ्हाइकांसमोर. तुला गाडीतलं काही कळत नाही, म्हणालो. दुसरा एखादा असता तर त्याने चावी अंगावर फेकली असती. तो एवढंच म्हणाला, "मास्तर, इंजिन बंद असताना गियर पडतो, म्हणजे गियरबॉक्स ठणठणीत आहे. तुम्ही म्हणत असाल तर खाली उतरवतो. पण मनाला पटत नाही."

उतरव, म्हणालो. परीक्षेला आठवडा राहिलाय. गाडीचं पोट उघडं टाकून घरी चालत आलो. वाटेत दोन वेळा बसावं लागलं, पाय लाकडाचे झालेत. गाडीची सवय, दुसरं काय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काय लिहू.

सकाळी गेलो तर दहाबाराने चादरीवर गियरबॉक्सचे सगळे भाग मांडले होते. एकेक चाक उचलून माझ्या हातात देत होता. कुठे दात तुटलेला नाही, कुठे चरा नाही. क्लचप्लेटही अजून वर्षभर चालेल अशी. त्याने दुपारपर्यंत सगळं परत चढवलं. फेरी मारून आला. लोणी.

मग मी चालवायला बसलो आणि खर्रर्र.

यावेळी त्याने बॉनेट उघडलं नाही. माझ्या बाजूचं दार उघडलं, उजेडाची छोटी बॅटरी तोंडात धरली, जमिनीवर पाठ टेकून डोकं आत पेडलांपाशी घातलं आणि क्लच दाबायची खूण केली.

"दाबला," मी म्हणालो.

"दाबा," बॅटरी दातांत धरूनच तो पुटपुटला.

"अरे दाबलाय. खाली टेकलाय."

त्याने बॅटरी तोंडातून काढली.  मला वाटलं सापडलं वाटतं काहीतरी.

"मास्तर," तो म्हणाला, "खाली बघा."

बघितलं. माझा पाय पेडलवर तिरका पडला होता आणि पेडल अर्ध्यावर होतं. मला शपथेवर वाटत होतं की ते तळाला आहे. बघत बघत जोर लावला तेव्हा आणखी थोडं गेलं. नजर काढली की परत वर. दोनतीनदा करून पाहिलं. मग तो उठून बसला, दोन्ही हात माझ्या गुडघ्यावर ठेवले आणि अंगाचा भार घातला. मी दांडा सरकवला. गियर असा पडला की आवाजसुद्धा नाही.

"गाडी बरी आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून बरी आहे."

एरवी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती. पण आज तळपायाचंच काही समजत नव्हतं. त्याने माझी गाडी चालवत मला घरी सोडलं. मी मास्तरच्या जागेवर बसलो होतो. 

मला भीती वाटते आहे. हे लिहायला लाज वाटत नाही. खूप भीती वाटते आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

बायकोला सांगितलं. वाटलं होतं रडेल, निदान ओरडेल. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, तुमची चप्पल मी कधीपासून उचलतेय, तुम्हाला वाटतं ती आपोआप दारात येते? तिला सगळं दिसत होतं. बटणं, पेला धरताना दोन हात, जिन्याचा कठडा. विचारलं की तुम्ही अंगावर येता, म्हणून गप्प राहिले, म्हणाली. 

डॉक्टरकडे परीक्षा झाल्यावर जाऊ म्हणून मी सुचवून पाहिलं. तिने उद्याची वेळ आधीच घेऊन ठेवली होती.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काल आणि आज दोन्ही दिवस दवाखान्यातच गेले. डॉक्टरीण बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. पाय जुळवून उभे राहा आणि डोळे मिटा, म्हणाल्या. डोळे मिटले तसा मी सरळ त्यांच्या अंगावर गेलो. मग त्या भल्यामोठ्या नळीत घालून मानेचे फोटो काढले.

दुखणं पायात नाहीच. मानेत आहे. मानेतले मणके पुढे येऊन आतली मुख्य दोरी दाबतायत. तीच दोरी हातापायांना निरोप नेते आणि त्यांचा निरोप वर आणते. निरोपच पोचत नाही, त्याला पाय बिचारा काय करणार? गाडीत क्लचचं दुखणं होतं आणि मी गियरबॉक्स उतरवायला लावला, तशातलीच गत. मी तसं बोलून दाखवलं. डॉक्टरीण बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ऑपरेशन लवकर करायला हवं, सोमवारी करू. जे गेलंय ते सगळं परत येईलच असं नाही, आणखी जाऊ नये म्हणून करायचं. तोवर मानेला पट्टा. एक जोराचा गचका बसला तर कायमचं अंथरूण.

बुधवारी ट्रकसमोर मी मान लुळी सोडून गचके खात बसलो होतो. डॉक्टरीण बाई हे सांगत होत्या तेव्हा बायको शेजारीच होती. तिला ते ठाऊक नव्हतं. मी तिथेही सांगितलं नाही.

गाडीत बसायचं नाही असं तिने माझ्याकडून वदवून घेतलं. पण एकवीस तारीख?

१९ फेब्रुवारी, बुधवार

गाडीत बसायचं नाही म्हटलं होतं, मैदानात बसायचं नाही असं कुठे म्हटलं होतं? बाजाराचं मैदान आज रिकामं असतं. दहाबाराने गाडी आणली, बायकोने खुर्ची आणली आणि मी गळ्यात पट्टा बांधून नवरदेवासारखा ताठ बसलो. मान वळत नव्हती, म्हणून गाडी डोळ्यांसमोर असेल तेवढंच दिसे. दहाबारा मास्तरच्या जागेवर बसला.

पहिल्याच खेपेला खर्रर्र.

 आता तर गाडी बरी आहे, माझा पायही आत नाही. मग काय राहिलं? बाईंना जवळ बोलावलं. त्या खुर्चीपाशी येऊन उभ्या राहिल्या. रागावू नका म्हणाल्या आणि मग हळूच बोलल्या.

"मी अर्धाच दाबते, मास्तर. पुढचं पेडल आपोआप खाली जायचं. मला वाटलं गाडीच तशी आहे. त्या दिवशी ट्रकसमोर पेडल गेलं नाही तेव्हा खाली बघितलं. तुमचा पाय होता तो."

 म्हणजे इतकी वर्षं मी प्रत्येकाचा क्लच पुरा करत होतो आणि मला पत्ताच नव्हता. परीक्षेत माझी मुलं गियरवरच का अडखळतात याचं मला कोडं पडायचं. परीक्षकाच्या मिशांना घाबरतात, असं मी जगाला सांगत आलो. त्या जागेवर परीक्षक बसतो आणि त्याचा पाय त्याच्यापाशी असतो.

दहाबाराला हाक मारून म्हणालो, सीटवर मांडी घालून बस. त्याच्या पोटाला ते झेपेना, बायको हसू लागली, व्हॅनबाईही हसल्या. शेवटी कसाबसा बसला. आता गाडीत पाय एकाच माणसाचे होते. दुपारपर्यंत गाडी खरखरत, उड्या मारत मैदानात फिरत होती. मी ओरडून ओरडून घसा बसवला. मग केव्हातरी एक फेरी आवाज न होता गेली, त्यामागून आणखी एक. माझ्या डोळ्यांसमोरून गाडी निघून गेली की मी नुसता कान लावून बसायचो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पास झाल्या. मी फाटकाबाहेर उभा होतो, बायकोच्या हाताला धरून. चढावर थांबून पुन्हा निघायचं असतं तिथे गाडी थोडी मागे आली. माझा डावा पाय दाबायला गेला असावा, कारण मी पडलो असतो, बायकोने सावरलं. गाडी थांबली, मग सुरळीत पुढे गेली. बाई उतरल्या आणि सरळ माझ्याकडे आल्या. पायाला हात लावायला वाकल्या. मी नको म्हणालो, तरी त्यांनी लावला. लावलेला मला दिसला.

२३ फेब्रुवारी, रविवार

दाखल झालो. इथवर व्हॅनबाईंनीच आणलं, माझ्याच गाडीतून. मी मागे आडवा, मान दोन उशांत. वाटेत मी गियर मोजत होतो. एकही चुकला नाही. उद्या सकाळी नेणार आहेत. दहाबारा येऊन गेला, माझ्याशी बोलायचं सोडून पलंगाचा सैल झालेला स्क्रू आवळत बसला. दहा-बाराचा पाना खिशातच होता. त्या दिवशी बोललो त्याबद्दल माफ कर म्हणालो. तो म्हणाला, कुठल्या दिवशी?

बायको इथेच खुर्चीवर झोपली आहे. तिची मान अवघडेल.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

लिहायला आज परवानगी मिळाली. वही बायकोने धरली आहे, तीन ओळींत दम लागतो. ऑपरेशन नीट झालं म्हणतात. हात बरे आहेत, पेन धरता येतंय. पायांचं काय ते कळायला वेळ लागेल, असं डॉक्टरीण बाई रोज सांगतात. रोज त्याच शब्दांत सांगतात.

मान उचलायची नाही, त्यामुळे मला माझे पाय दिसत नाहीत. मघाशी बायकोला म्हणालो, चादर वर कर आणि डाव्या पावलाकडे बघ, मी हलवतो. तिने चादर वर केली. मी सगळा जीव पावलात नेला आणि क्लच दाबावा तसं दाबलं. खाली, तळापर्यंत. ती पायथ्याशी उभी होती, बराच वेळ बघत होती.

"हललं," ती म्हणाली.

"कुठे हललं?"

"वर आलं की. चांगलं वर आलं."

मी तर खाली दाबत होतो. मग म्हणालो, बरं झालं गं, आता काळजी नाही. तिने चादर घातली, पायांवर नीट खोचली आणि चहा सांगून येते म्हणून बाहेर गेली. अजून आलेली नाही.

वही तिने जाताना छातीवर ठेवली आहे. एका हाताने लिहितोय, आणि दाबतोय.